लेखन सुधारलं, पण ते दाखवायचं कसं? : कॉलेजातल्या लेखन-अभ्यासक्रमांचे अनुभव

आबोली, म्हापसा (धागाकर्ती)

२०२३-२४पासून गोव्यातल्या कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं आणि त्याबरोबर कौशल्याचे छोटे अभ्यासक्रमही वाढले. त्यांत लेखनाचेही आहेत: बातमी, स्फुट, अनुवाद, ललित, संहिता. काही ठिकाणी सत्राच्या शेवटी लेखनसंच मागतात आणि त्याला जोडून आत्मपरीक्षणाचं टिपण. सत्रभरात लिहिणारा म्हणून तुमच्यात काय बदललं, ते दोन पानांत सांगा.

इथं गाडी अडते. बहुतेक टिपणं ‘या अभ्यासक्रमामुळे माझा आत्मविश्वास वाढला, मला वाचनाची गोडी लागली’ एवढ्यावर संपतात. ते खोटं नसतं, पण तपासणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. म्हणून जे शिकवतात, तपासतात, संपादन करतात किंवा असा संच नुकताच देऊन बसलेत, त्यांना आवतण आहे. आपली कहाणी नको, रीत सांगा. काय जपायचं, काय मोजायचं, कुठं फसतं. कॉलेजांची आणि माणसांची नावं घेऊ नयेत.

तिसरा खर्डा, पर्वरी

सुरुवात जपण्यापासून करावी लागते, कारण पुरावाच नसेल तर परीक्षण कशाचं करणार? पहिला खर्डा खोडून त्याच फाइलीत दुसरा लिहिला की पहिला गेला. प्रत्येक खर्ड्याची वेगळी फाइल करा आणि नावात क्रमांक व तारीख घाला: खाजन_१, खाजन_२ अशी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ अशी नावं चार महिन्यांनी आपल्यालाच कळत नाहीत. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर जुन्या आवृत्त्या आपोआप राहतात, पण त्यांना त्या-त्या वेळी नाव दिलं नाही तर नंतर शेकडो बदलांत शोधत बसावं लागतं. हातानं लिहिणाऱ्यांनी एक ओळ सोडून लिहावं, खोडताना एकच रेघ मारावी म्हणजे खालचं वाचता येतं, आणि पानाचा फोटो काढून ठेवावा.

आता तुलना. सगळा लेख घेऊ नका. सव्वाशे-दीडशे शब्दांचा एकच परिच्छेद निवडा, जो पहिल्या खर्ड्यातही आहे आणि शेवटच्यातही. तो शेजारी शेजारी ठेवा. मी वर्गासाठी तयार केलेला नमुना देतो, जरा छोटा. विषय खाजन शेती, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची भातशेती. बांधातलं पाण्याचं दार ती मानस.

पहिला खर्डा: ‘गोव्यातील खाजन शेती ही एक अत्यंत प्राचीन व महत्त्वपूर्ण अशी शेतीपद्धती असून तिच्यामधून आपल्या पूर्वजांची निसर्गाशी असलेली जवळीक दिसून येते. परंतु आधुनिक काळात या शेतीकडे मोठ्या प्रमाणात दुर्लक्ष होत असल्याचे दिसून येते.’

तिसरा खर्डा: ‘भरतीचं पाणी चढू लागलं, की त्याच्याच रेट्यानं मानशीची लाकडी दारं मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, तेव्हा आतलं पाणी दारं ढकलून नदीत जातं. माणसानं हात लावायची गरज नाही. मात्र दार कुजलेलं असेल, तर भरती थेट भातात शिरते.’

आता पेन्सिल घ्या आणि चार गोष्टी बघा. क्रियापदं: पहिल्यात ‘दिसून येते’ दोनदा, आणि कोणाला दिसतं ते नाही, तिसऱ्यात मिटतात, उतरते, ढकलून जातं, शिरते. वस्तूंची नावं: पहिल्यात ‘खाजन’ सोडलं तर डोळ्यांपुढं येईल असं काही नाही, तिसऱ्यात मानस, दारं, नदी, भात. विशेषणं: ‘अत्यंत प्राचीन’, ‘महत्त्वपूर्ण’ गेली, ‘लाकडी’ आणि ‘कुजलेलं’ आली. आणि चौथी गोष्ट म्हणजे काय हरवलं. पहिल्या खर्ड्यातला दुर्लक्षाचा मुद्दा तिसऱ्यात नाही. तो पुढच्या परिच्छेदात गेला की गळलाच, हे टिपणात सांगायला हवं. ही चौथी गोष्ट फार थोडे जण बघतात.

यावरचं टिपण ‘माझी भाषा ओघवती झाली’ असं नको. ते असं असावं: ‘पहिल्या खर्ड्यात वाक्याला कर्ताच नव्हता. मानस चालते कशी हे ठाऊक नसल्यामुळे मी “जवळीक” या शब्दामागे लपत होतो. दार कोणत्या बाजूला उघडतं हे समजल्यावर कर्ता आपोआप मिळाला. दुर्लक्षाचा मुद्दा सध्या काढला आहे, कारण डागडुजीची जबाबदारी कोणाची, याची कागदोपत्री माहिती अजून नाही.’ साठ-सत्तर शब्द नाहीत, पण बदल, कारण आणि उरलेलं काम तिन्ही आलं.

यातलं ‘जवळीक’चं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. वाक्य ढिलं असतं तेव्हा बहुतेक वेळा माहिती ढिली असते. भाषा घासून ते सुधारत नाही. मानशीवर जाऊन, एक ओहोटी बघून ते सुधारतं.

केपेकरीण

वरच्या प्रतिसादाला जोडून एवढंच: टिपणात शिक्षकांचे आभार नकोत. आभारासाठी वेगळं पान असतं. दोन पानांतला पहिला परिच्छेद ‘सर्वप्रथम मी…’ने गेला की उरतं काय?

शेवटचं प्रूफ, पणजी

मुद्रितशोधनाच्या बाजूनं लिहिते. सुधारणा दाखवायची सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे चुकांची वही. शंभर पानी वही, चार रकाने: तारीख, काय लिहिलं, काय हवं होतं, का. चौथा रकाना रिकामा ठेवणाऱ्याची चूक परत येते. नियम पाठ करायची गरज नाही, पण साहित्य महामंडळाचे १९६२चे १४ नियम आणि १९७२मध्ये पडलेली ४ नियमांची भर, एवढं सगळं मिळून थोडीच पानं आहेत. ती छापून वहीला टाचून ठेवा.

मुलांच्या वह्यांत परत परत येणारी चार कुळं:

‘त्त्व’चं कूळ. महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व यांत दोन त, कारण महत्, तत्, मत् यांच्या शेवटी एक त आधीच आहे आणि त्याला ‘त्व’ लागतो. अस्तित्व, कर्तृत्व, नेतृत्व यांत एकच, कारण मूळ शब्द अस्ति, कर्तृ, नेतृ. हे एकदा ‘का’च्या रकान्यात लिहिलं की दहा शब्द एकदम सुधारतात.

उपान्त्य ई-ऊचं कूळ. विहीर, पण विहिरीत. फूल, पण फुलाला. मूल, पण मुलांना. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ, प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की ऱ्हस्व. गुण, विष, हित हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून त्यांना हा नियम नाही.

समासाचं कूळ. कवी एकटा असेल तर दीर्घ, कविसंमेलनात ऱ्हस्व. दृष्टी दीर्घ, दृष्टिकोन ऱ्हस्व. बुद्धी, पण बुद्धिबळ. फलकांवर हे इतकं चुकीचं लिहिलेलं असतं की डोळ्याला तेच बरोबर वाटू लागतं.

चौथं कूळ भाषेचं नाही, मोबाइलचं आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी टंकताना सुचवणीत हिंदी वळणाचे शब्द वर येतात आणि घाईत तेच निवडले जातात; ‘महत्व’ आणि ‘उज्जवल’ हे त्यातलेच. शिवाय ‘दुसऱ्या’मधला अर्धा र. ‘दुसर्या’ असं उमटलं असेल तर साध्या र-ला हलन्त दिला गेलाय आणि त्याचा रफार झालाय. तिथं ऱ हे वेगळं अक्षर टंकून त्याला हलन्त आणि मग य द्यावा लागतो. ‘सूर्याला’ आणि ‘सुऱ्या’ हे दोन शब्द टंकून बघा, म्हणजे आपल्या कळफलकावर तो कुठं लपलाय ते कळेल.

आता मोजणी. वहीत चूक लिहिताना शेजारी एक खूण करा: ‘ठा’ म्हणजे नियम ठाऊक नव्हता, ‘घा’ म्हणजे ठाऊक होता पण घाईत गेला. सत्राच्या शेवटी ‘ठा’ कमी व्हायला हव्यात. ‘घा’ तेवढ्याच राहिल्या तर तेही टिपणात लिहा. त्यावर उपाय व्याकरणाचा नाही, छापून वाचण्याचा आहे. पडद्यावर प्रूफ वाचू नका. छापील पान, खाली पट्टी, आणि शेवटच्या ओळीकडून वर. अर्थात गुंतलं की डोळा चूक गाळतो, उलटं वाचताना अर्थ लागत नाही म्हणून चूक सापडते.

कुळागर, फोंडा

घरात कोकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आणि कॉलेजात पुन्हा मराठी लेखनाचा अभ्यासक्रम. गोव्यातल्या मुलांची ही नेहमीची वाट आहे आणि त्यांच्या खर्ड्यात तिन्ही भाषांचे ठसे दिसतात. त्यांना एकाच लाल शाईनं मारू नये. माझ्या मते तीन वेगळे रंग हवेत.

पहिला रंग नकळत आलेल्या कोकणी वळणाला. ‘मला दिसतं तो येणार नाही’ म्हणजे ‘मला वाटतं’. कोकणीत दिसता म्हणतो ना, त्यातून आलेलं. ‘तो घरी पावला’ म्हणजे ‘पोहोचला’. ‘मला पुस्तक मेळालं’. निवेदन प्रमाण मराठीत चाललेलं असेल तर हे बदलायचं.

दुसरा रंग इंग्रजीवरून उतरलेल्या वाक्याला, आणि हा जास्त वाईट, कारण तो शुद्ध मराठीचे कपडे घालून येतो. ‘महत्त्वाची भूमिका बजावते’, ‘यात काही शंका नाही की’, ‘शेवटी पण कमी महत्त्वाचे नाही’, प्रत्येक वाक्यात ‘द्वारे’ आणि ‘च्या माध्यमातून’. कोकणी वळणाला हसणारे तपासनीस या वाक्यांवर बरोबरची खूण करतात, हे मला पटत नाही.

तिसरा रंग मुद्दाम ठेवलेल्या शब्दांना: मानस, पोदेर, रेंदेर, सुपारीचं कुळागर, वाजवायचं घुमट. यांना मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. कंसात अर्थही देऊ नये. वाक्यातच अर्थ उलगडला पाहिजे. ‘पोदेराचा भोंपू वाजला आणि पावांची टोपली घेऊन सायकल दारात थांबली’ एवढं लिहिलं तर नागपूरच्या वाचकालाही पोदेर कळतो. ‘रेंदेर सुरी कमरेला लावून माडी काढायला माडावर चढला’ म्हटलं की झालं. पात्र बोलत असेल तर त्याची कोकणी जशीच्या तशी राहू द्यावी, पण संवाद तीन-चार ओळींच्या पुढं गेला तर मधे निवेदनाचं एखादं वाक्य असं घालावं की कोकणी न येणाराही सुटणार नाही.

आत्मपरीक्षणाच्या टिपणात या तीन रंगांचा हिशेब फार बोलका होतो. पहिल्या खर्ड्यात पहिला आणि दुसरा रंग जास्त, तिसरा जवळजवळ नाही, कारण मुलांना वाटतं की कोकणी शब्द म्हणजे चूकच. शेवटच्या खर्ड्यात पहिला कमी होऊन तिसरा वाढलेला दिसला, तर मुलाला निवड करता येऊ लागली म्हणायचं. गोव्यात हे नवीन नाही. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत लिहिलं आणि दोन्हींत ते मोठे कवी ठरले.

आबोली, म्हापसा (धागाकर्ती)

रंगांची कल्पना उद्याच वर्गात नेते. कुळागर, रंगीत पेनं नसतील तर?

कुळागर, फोंडा

सरळ रेघ, नागमोडी रेघ, चौकोन. झेरॉक्समध्येही दिसतात.

साखळीचा सर

एकमेकांचं लेखन तपासण्याबद्दल. हे वर्गात नीट केलं नाही तर वेळ वाया जातो, आणि नीट केलं तर शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. तिघांचा गट करा. चौघं झाले की एक जण मोबाइल बघतो. प्रत्येक लेखाला वीस मिनिटं. लेख लेखकानं वाचायचा नाही, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचा. वाचणारा जिथं अडखळतो, तिथं लेखकानं आपल्या प्रतीवर खूण करायची आणि बोलायचं नाही. ‘मला तिथं असं म्हणायचं होतं’ हे वाक्य बंद. छापील पानाबरोबर लेखक जाऊन बसत नसतो.

वाचून झाल्यावर दोघा वाचकांनी एकेक वाक्य लिहायचं: ‘हा लेख असं म्हणतो की…’ दोन वाक्यं जुळली तर मुद्दा पोहोचला. एकानं ‘हा लेख शिगम्याच्या मिरवणुकीबद्दल आहे’ लिहिलं आणि दुसऱ्यानं ‘हा लेख स्पर्धेच्या बक्षिसांमुळे गावचा शिगमा बदलला असं म्हणतो’, तर पहिल्यानं विषय पकडला आणि दुसऱ्यानं मुद्दा. मग लेखकानं बघायचं की मुद्दा कितव्या परिच्छेदात आलाय. बहुधा तो शेवटून दुसऱ्यात सापडतो. तो वर आणायचा, एवढंच दुसऱ्या खर्ड्याचं काम.

फसतं कुठं? पहिल्या फेरीतच शुद्धलेखन काढत बसतात. ते सोपं असतं आणि काम केल्यासारखं वाटतं. मग पुढच्या खर्ड्यात जो परिच्छेद उडणार आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले असतात. म्हणून पहिल्या फेरीत शुद्धलेखनाला बंदी. क्रम असा: पहिल्यात मुद्दा आणि माहिती, दुसऱ्यात मांडणी, तिसऱ्यात वाक्य, शेवटी प्रूफ. दुसरा धोका मैत्रीचा. ‘मस्त आहे’ हा शेरा कागदावर चालत नाही असं आधीच सांगावं. मस्त असेल तर कोणतं वाक्य, त्याखाली रेघ मारा. तिसरा धोका हुशार मुलाचा. तो दुसऱ्याचा परिच्छेद स्वतः लिहून देतो. त्याच्या हातात पेनच देऊ नये, पेन्सिल द्यावी आणि फक्त प्रश्न लिहायला सांगावेत.

ते कागद फेकू नका. टिपणाला जोडा. कोणता प्रश्न मान्य केला आणि कोणता नाकारला, आणि का नाकारला, हे लिहिणाऱ्याची वाढ मला सगळ्यात लवकर दिसते. सगळेच शेरे निमूट मान्य करणाऱ्यानं अजून लेख आपला मानलेला नसतो.

पाटोकर

‘असे म्हणतात’, ‘काही वर्षांपूर्वी’, ‘जाणकारांच्या मते’. पहिल्या खर्ड्यातले हे तीन शब्दप्रयोग शोधून अधोरेखित करा आणि शेवटच्या खर्ड्यात त्यांचं काय झालं ते बघा. लेखन-अभ्यासक्रमात संदर्भाचं काम म्हणजे मुख्यतः हेच. ‘काही वर्षांपूर्वी गोव्यात विलीनीकरणावर मतदान झाले’ याच्या जागी ‘गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला’ असं आलं, तर लेखक खुर्चीतून उठून काहीतरी बघून आला.

बघायचं कुठं, तर पणजीत पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मूळ संस्था १८३२ची, देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. स्थानिक इतिहास आणि जुनी नियतकालिकं यांसाठी आधी तिथं जावं. जाण्यापूर्वी प्रश्न कागदावर लिहून न्या. ‘शिगम्यावर काही आहे का’ असं विचारलं तर समोर ढीग येतो आणि दिवस जातो. ‘१९६०च्या दशकातल्या वर्तमानपत्रांत शिगम्याच्या बातम्या कुठल्या पानावर यायच्या’ असं विचारलं तर काम होतं. दैनिक गोमन्तक १९६२पासून निघतं, म्हणजे मुक्तीनंतर लगेचचा काळ त्यात सापडू शकतो.

नोंद तिथंच करायची. वर्तमानपत्र असेल तर नाव, तारीख, पान. पुस्तक असेल तर लेखक, नाव, प्रकाशक, गाव, वर्ष, पान. पान क्रमांक ‘नंतर बघू’ म्हटलं की परत बसभाडं. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले तर तिथल्या तिथं अवतरणचिन्हं घाला. ती टिपणात नसली, तर महिन्याभरानं ते वाक्य आपलंच वाटायला लागतं आणि नकळत उचलेगिरी होते. नकळत झाली तरी शिक्षा तीच.

गावातल्या जाणत्या माणसाची मुलाखत हाही संदर्भच. आधी परवानगी, रेकॉर्डिंगला वेगळी परवानगी, नाव छापायचं की नाही याची तिसरी. उतरवताना त्यांची कोकणी सरळ मराठीत करू नका. आधी बोलले तसं, मग खाली मराठी. तीन महिन्यांनी शंका आली तर मूळ शब्द हाताशी हवेत.

वर तिसरा खर्डा यांनी मानशीच्या डागडुजीचा मुद्दा सोडलाय. त्यासाठी १९६४चा कूळ कायदा आणि त्यानंतर गावकरी, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था, आणि कूळ संघ यांच्या जबाबदाऱ्या कशा बदलल्या, हे बघायला सांगा.

दुपारची बॅच

एक शंका. माझ्याकडे फक्त शेवटची प्रत आहे. खर्डे सगळे त्याच फाइलीत खोडले गेले. टिपण पुढच्या आठवड्यात द्यायचंय. काय करू?

तिसरा खर्डा, पर्वरी

खोटे खर्डे मात्र तयार करू नका. ते ओळखू येतात: बनावट पहिल्या खर्ड्यात चुका मुद्दाम पेरलेल्या असतात आणि माहिती मात्र शेवटच्या खर्ड्याइतकीच पक्की असते. खऱ्या पहिल्या खर्ड्यात उलट असतं.

आधी शोधा. व्हॉट्सॲपवर मैत्रिणीला पाठवलेला परिच्छेद, बाईंना केलेला ईमेल, शेरे मारून परत मिळालेली झेरॉक्स, वहीतले मुद्दे. काहीच नसेल तर पहिल्या सत्रातली एखादी जुनी असाइनमेंट किंवा बारावीतला निबंध घ्या, त्यातला एक परिच्छेद आज नव्यानं लिहा आणि दोन्ही जोडा. टिपणात स्पष्ट सांगा की दुसरा परिच्छेद या आठवड्यात लिहिलाय. ही तुलना चालते. कित्येकदा ती जास्त स्वच्छ असते, कारण मधे काळ गेलेला असतो.

उलट टपाल, मडगाव

सगळे सुधारण्याबद्दल बोलतायत, बिघडण्याबद्दल कोणी बोलेना. सत्राच्या मध्यावर पुष्कळ मुलांचं लेखन बिघडतं आणि ते बिघडायलाच हवं. ‘छोटी वाक्यं लिहा’ असं सांगितलं की दोन आठवडे सगळे असं लिहितात: ‘पाऊस आला. आई धावली. कपडे भिजले. ती चिडली.’ एकेक वाक्य बरोबर, पण एकत्र वाचलं की खडखडाट. मराठीला लांब वाक्याचं वावडं नाही. ‘पाऊस आला म्हणून आई धावली, तोवर कपडे भिजलेच’ यात ‘तोवर’ आणि ‘च’ मिळून तिचं चिडणं सांगून टाकतात. तोडायचं ते ‘असून’, ‘करून’, ‘असल्यामुळे’ यांनी ओढत नेलेलं वाक्य, ज्याचा कर्ता मधेच बदलतो. लांबी हा दोष नाही.

दुसरं म्हणजे सफाई. तिसऱ्या-चौथ्या खर्ड्यात भाषा गुळगुळीत होते आणि पहिल्यातला एखादा वेडावाकडा पण जिवंत तपशील कापला जातो. म्हणून शेवटची प्रत देण्याआधी पहिला खर्डा एकदा काढून वाचा आणि परत आणण्याजोगं एक तरी वाक्य शोधा. सापडलं तर परत घाला आणि टिपणात लिहा की हे पहिल्याच दिवशी बरोबर होतं. आत्मपरीक्षणाचं टिपण म्हणजे चढता आलेख, असं तपासणाऱ्यांनाही वाटतं आणि तिथंच मुलं खोटं लिहायला लागतात.

सांगेची वाट

मोबाइलच्या रेकॉर्डरवर स्वतःचा लेख वाचून ऐका. वाचताना आपण नकळत गाळलेले शब्द भरतो, ऐकताना कान ते पकडतो. सात-आठशे शब्दांना सहा-सात मिनिटं लागतात. दुसरं काही नको.

परीक्षक बाई, फोंडा

तपासताना गुण कसे पडतात ते सांगते, म्हणजे अंधारात लिहावं लागणार नाही. प्रत्येक विभागाची विभागणी वेगळी असते. मी पंचवीस गुणांच्या टिपणाला अशी वापरते. पुराव्याला दहा: खर्ड्यांतली वाक्यं प्रत्यक्ष उद्धृत केली आहेत का, पान आणि खर्डा क्रमांक दिलाय का. कारणाला आठ: बदल का केला. ‘बाईंनी सांगितलं म्हणून’ हे कारण अर्धं. बाईंनी सांगितलेलं का पटलं, हे उरलेलं अर्धं. राहिलेल्या उणिवेला चार, मांडणीला तीन.

उणिवेचे चार गुण सगळ्यात स्वस्त आहेत आणि तेच मुलं सोडतात. उणीव सांगितली तर गुण कापतील अशी भीती. उलट आहे. मात्र ‘मला अजून खूप शिकायचं आहे’ ही उणीव नव्हे, तो नमस्कार झाला. ‘मला शेवट करता येत नाही, तिन्ही लेखांचा शेवट “आपण सर्वांनी विचार करायला हवा” असा झाला आहे’ ही उणीव.

यंत्राकडून लिहून घेण्याबद्दलही बोलायला हवं. वापरलं असेल तर टिपणात लिहा: कोणतं साधन, कोणत्या टप्प्यावर, त्यानं सुचवलेलं काय ठेवलं, काय फेकलं. तुमच्या विभागाची परवानगी आहे का, हे आधी विचारा. लपवलं तरी समजतं. शब्दांवरून नव्हे, मागे खर्डेच नसतात त्यावरून. गोव्यावरच्या अशा लेखात समुद्रकिनारा, नारळीची झाडं आणि ‘समृद्ध सांस्कृतिक वारसा’ हमखास असतो. मानशीचं कुजलेलं दार नसतं. मी अशा वेळी मुलाला बोलावते, लेखातलं एक वाक्य काढते आणि विचारते, हे आधी कसं होतं? ज्यानं लिहिलंय, तो लगेच तीन पर्याय सांगतो आणि वर भांडतोही.

केपेकरीण

आणि बाई, उद्धृत किती करावं? काही जण पानभर जुना खर्डाच चिकटवतात.

परीक्षक बाई, फोंडा

एका वेळी दोन-तीन ओळी, बस. पूर्ण खर्डे परिशिष्टात. टिपणातल्या प्रत्येक उद्धृताखाली निदान तेवढ्याच ओळी तुमच्या हव्यात. दोन पानांत तीन बदल दाखवता आले तर पुष्कळ झाले: एक माहितीचा, एक मांडणीचा, एक वाक्याचा. दहा बदलांची यादी केली की एकाचंही कारण धड लिहून होत नाही.

शेवटचं प्रूफ, पणजी

देण्याच्या दिवसाबद्दल राहिलंच होतं. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकून घेतलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो, म्हणून टायपिंग करून देणाऱ्याला युनिकोडच हवं असं आधीच सांगा. जुन्यातून युनिकोडमध्ये बदलून घेतलं असेल तर रफार, अर्धा र, श्र आणि ऱ्हस्व वेलांटी ही चार ठिकाणं हातानं तपासा. बदलताना तीच मोडतात. पीडीएफ करून ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. खर्ड्यांच्या प्रतींवर मात्र काहीही सुधारू नका, पहिल्या खर्ड्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा. संच देण्याआधी रात्री बसून जुने खर्डे नीटनेटके करणारी मुलं दर वर्षी भेटतात, आणि मग तुलनेला उरतच नाही काही.